साडेपाचच्या आधी येणाऱ्यांची गैरहजेरी

“कम्पुटरमध्ये नाही.” या दोन शब्दांपुढे आज भलेभले गप्प बसतात. रेशनच्या दुकानात, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर, पगाराच्या दिवशी ठेकेदाराच्या टेबलापुढे, सगळीकडे हेच उत्तर मिळते. पूर्वी “रजिस्टरमध्ये नाही” असे म्हणत. पण रजिस्टर निदान उघडून दाखवा म्हणता येई. त्यात खाडाखोड दिसे, फाटलेले पान दिसे, वेगळी शाई दिसे. संगणकातली वही आपल्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते खरेच असणार असे आपण मुकाट्याने धरून चालतो.

आमचे म्हणणे असे की, संगणकातली वही हीसुद्धा वहीच आहे. तिलाही पाने आहेत. तिचेही कपाट भरते. तिच्याही भिंतीवर एक घड्याळ टांगलेले आहे. ते घड्याळ कोणत्या गावची वेळ दाखवते, हे विचारण्याचा अधिकार ज्याच्या नावाने नोंद होते त्याला आहे. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. मिहानमध्ये आमच्या डोळ्यांसमोर जे घडले त्यावरून सांगतो.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि तेव्हापासून हजेरी, पगारपत्रक आणि पावत्या यांतच आयुष्य चालले आहे. संध्याकाळी वस्तीत कोणाचा अर्ज लिहून दे, कोणाचे प्रकरण कुठे अडले ते पाहा, असे काम असते. सध्या आम्ही ज्या ठेकेदाराकडे आहोत तो मिहानमधल्या एका मोठ्या इमारतीला सफाई कामगार पुरवतो. ठेकेदाराचे आणि इमारतीच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

नागपूरकरांना मिहान ठाऊकच आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि वर्धा रोडच्या बाजूची शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेती या प्रकल्पात गेली. २००५ साली सोनेगावच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. आज त्या शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, विमानांची दुरुस्ती होते, एम्सचे रुग्णालय आहे. त्या काचा पुसणाऱ्या, फरशी धुणाऱ्या बाया चिंचभुवन, खापरी आणि शहरातल्या वस्त्यांतून पहाटे निघतात. त्या वेळी मेट्रो सुरू झालेली नसते. चौघी-पाचजणी मिळून ऑटो करतात. पाळी साडेपाचची असते आणि दहा मिनिटांची सूट असते. ऑटो मिळेल न मिळेल या धास्तीने बहुतेकजणी सव्वापाचलाच गेटवर हजर होतात.

गेटवर मशीन आहे. तिच्यावर अंगठा ठेवायचा. आमच्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटत असे आणि त्या अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नसे. आपण शिकलो आणि सही करू लागलो. आता नातीचा अंगठा पुन्हा मशीनवर आला आहे. नात दहावी झालेली आहे, वर्तमानपत्र वाचते. पण तिच्या अंगठ्यापुढे काय लिहिले जाते ते तिलाही दिसत नाही. हा विचार आम्हांला त्या जून महिन्यात पहिल्यांदा बोचला.

जूनचे हजेरीपत्रक हाती आले तेव्हा त्यात तीन विचित्र गोष्टी होत्या. १२ आणि १३ जून या दोन दिवशी सर्व कामगार सकाळी अकरा वाजून काही मिनिटांनी आल्याचे लिहिले होते. १५ तारखेपासून काही बायांच्या नावापुढे रोज “अपूर्ण नोंद” असा शेरा होता आणि अर्धा दिवस कापलेला होता. तिसरी गोष्ट अशी की, जे पत्रक पूर्वी पाच-सात मिनिटांत तयार होई त्याला आता पाऊण तास लागतो, असे कंपनीच्या माणसाने सांगितले. तीन निरनिराळ्या तक्रारी वाटत होत्या, म्हणून तिघांकडे गेल्या आणि तिन्हीकडून एकच उत्तर आले: “सिस्टीम दाखवते तेच आम्ही देतो.”

एक मावशी आमच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. वीस वर्षे झाडू-पोछा करणारी बाई. म्हणाली, “भाऊ, मी त सव्वापाचलेच गेटावर असतो. जे पोरगी साडेपाच वाजून गेल्यावर धावत येते तिची हजेरी लागते, अन् माही लागत नाही. हे कोन्तं गणित हाय?”

तिच्या हिशेबाप्रमाणे १५ ते ३० जून या काळात तिने चौदा दिवस काम केले होते. पत्रकात त्यांपैकी तीन दिवस पूर्ण आणि अकरा दिवस अपूर्ण होते. म्हणजे साडेपाच दिवसांची मजुरी गेली. अशा तेराजणी निघाल्या.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आम्हांला एक गोष्ट पक्की शिकवली गेली आहे. आपल्या रोकडवहीतली शिल्लक आणि बँकेच्या पुस्तकातली शिल्लक जुळत नसेल तर भांडायचे नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवायची आणि ओळीला ओळ लावायची. याला बँक ताळमेळ पत्रक म्हणतात. आम्ही तेच केले. गेटवर सुरक्षा रक्षकाजवळ एक कागदी वही असते, तिच्यात तो आत येणाऱ्याची वेळ लिहितो. ती वही मागून घेतली, शेजारी छापील पत्रक ठेवले आणि दोन रात्री बसून तेराजणींची एकेक ओळ जुळवली. निघाले ते असे: ज्या दिवशी बाई साडेपाचच्या आधी आली तो प्रत्येक दिवस “अपूर्ण”, आणि ज्या दिवशी साडेपाचच्या नंतर पाच-सात मिनिटांनी आली तो प्रत्येक दिवस “पूर्ण”. मावशीचे ते तीन पूर्ण दिवस म्हणजे ऑटो बिघडल्याचा एक आणि पावसाचे दोन. अपवाद एकही नाही.

आमच्या वस्तीतला एक मुलगा पॉलिटेक्निक करून आता दुसऱ्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो. त्याला आम्ही कागद दाखवले. त्याने फक्त एकच प्रश्न विचारला, “काका, कापलेल्यांत साडेपाचच्या नंतरचा एकही नाही? पक्कं?” आम्ही म्हटले, पक्के. तो म्हणाला, “मग हा कोणाचा डाव नाही. हे घड्याळ आहे. भारत आणि ग्रिनिच यांच्या वेळेतला फरकच साडेपाच तासांचा आहे.”

आता हे नीट समजून घ्यायचे तर डेटाबेस म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. घाबरण्यासारखे काही नाही. १९७० साली आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध लिहिला. त्याचे सांगणे थोडक्यात असे होते की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची खूण असावी, आणि एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात जाण्यासाठी तीच खूण वापरावी. आज बँका, रेल्वेची तिकिटे, रुग्णालये, शिष्यवृत्त्या यांच्या संगणकातल्या वह्या बहुतांशी याच रीतीने चालतात. आमच्या हजेरीचेच घ्या. एका तक्त्यात कामगाराचा टोकन नंबर, नाव, वस्ती. दुसऱ्या तक्त्यात पाळीच्या वेळा. तिसऱ्यात अंगठ्याच्या नोंदी: टोकन नंबर, आत की बाहेर, आणि वेळ. नाव एकाच ठिकाणी लिहायचे, बाकी सर्वत्र टोकन नंबर. रोजकीर्द आणि खतावणी ज्याने लिहिली आहे त्याला यात परके काही वाटणार नाही.

या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा आहे, तिला एसक्यूएल म्हणतात. “टोकन नंबर ४१ च्या १६ जूनच्या नोंदी दे” असे तिच्यात लिहिले की उत्तर येते. उत्तर नेहमी विचारलेल्या प्रश्नाचेच येते. प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर तितक्याच ठामपणे चुकीचे येते, आणि छापून आल्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

आता त्या तीन तक्रारींकडे वळू. तो मुलगा सांगत गेला तसतसे लक्षात आले की तक्रारी तीन असल्या तरी साखळी एकच आहे. पुढे कंपनीच्या संगणक विभागाने तपास केला तेव्हा हेच निघाले.

पहिली कडी कपाटाची. संगणकाची वही डिस्कवर राहते आणि डिस्कला मर्यादा असते. नोंदी वाढतात तशी जागा भरते, हे कोणालाही कळेल. पण पुष्कळदा डिस्क भरते ती नोंदींनी नव्हे, नोंदींच्या सावल्यांनी. प्रत्येक बदलाचा एक कच्चा खर्डा डेटाबेस वेगळा लिहून ठेवतो. मध्येच वीज गेली तर त्यावरून पुन्हा जुळवणी करता यावी म्हणून. या खर्ड्यांना लॉग म्हणतात. ते वेळच्या वेळी हलवले नाहीत तर साचत जातात. त्यातच कोणी बॅकअपही त्याच डिस्कवर ठेवला म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखे होते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जुन्या ओळी पुसल्या म्हणून डिस्क लगेच मोकळी होत नाही. वहीतली ओळ खोडली म्हणून पान पातळ होते का? तसेच हे. ती जागा पुढच्या ओळींसाठी आतल्या आत राखली जाते. ती बाहेर काढायची तर तक्ता पुन्हा मांडावा लागतो, आणि पुन्हा मांडायलाही आधी मोकळी जागा लागते. म्हणून डिस्क पूर्ण भरेपर्यंत थांबणारा माणूस अडकतो. भरत चालल्याचा इशारा आधीच मिळेल अशी व्यवस्था करावी लागते.

१२ जूनला ती डिस्क पूर्ण भरली आणि डेटाबेसने नवी ओळ घेणेच बंद केले. गेटवरच्या मशीनने अंगठे स्वतःच्या स्मरणात धरून ठेवले आणि अकराच्या सुमारास जागा मोकळी झाल्यावर सगळे एकदम पाठवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तक्त्यात वेळेचा रकाना एकच होता आणि त्यात नोंद पोहोचल्याची वेळ पडत होती. त्यामुळे पहाटे आलेल्या बाया कागदावर अकरा वाजता आल्या. अंगठा केव्हा ठेवला आणि नोंद केव्हा पोहोचली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना दोन रकाने हवेत. टपाल खात्याने हे केव्हाच ओळखले आहे. पत्रावर टाकलेल्या गावाचाही शिक्का असतो आणि पोहोचलेल्या गावाचाही.

दुसरी कडी घड्याळाची. डिस्क पुरत नाही म्हणून कंपनीने १४ जूनला सगळ्या वह्या एका मोठ्या नव्या सर्व्हरवर हलवल्या. जुना सर्व्हर इमारतीतच होता आणि त्याचे घड्याळ भारतीय वेळेवर लावलेले होते. नवा सर्व्हर दूर कुठेतरी होता आणि त्याचे घड्याळ यूटीसीवर होते. यूटीसी म्हणजे सर्व जगाने मोजमापासाठी धरलेली समाईक वेळ. ती ढोबळमानाने ग्रिनिचच्या वेळेइतकी असते आणि आपल्या साडेपाच तास मागे चालते. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्रीचे बारा वाजतात आणि तारीख बदलते.

आता मावशीचा १६ जूनचा अंगठा घ्या. ती सव्वापाचला आली. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा १५ जूनची रात्र, पावणेबारा. दुपारी दीडला ती बाहेर पडली, तेव्हा सर्व्हरच्या लेखी १६ जूनची सकाळ, आठ. एकाच तारखेत आधी आत आणि मग बाहेर अशी जोडी मिळाली तरच दिवस पूर्ण, असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिलेला होता. तिचे येणे आदल्या तारखेत पडले, जाणे दुसऱ्या तारखेत. जोडी तुटली. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी येणारीचे येणे आणि जाणे दोन्ही १६ तारखेत पडले. ती पूर्ण.

यात कोणी मुद्दाम काही केलेले नव्हते. पण दंड कोणाला झाला ते पाहा. वेळेआधी येणाऱ्याला झाला. दहा वाजता येणाऱ्या साहेबांच्या हजेरीला याचा धक्काही लागला नाही, कारण त्यांचे येणे आणि जाणे या दोन्ही घड्याळांनी एकाच तारखेत पडते. म्हणून पंधरा दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. असला दोष पहाटे उठणाऱ्याच्याच वाट्याला येतो, आणि पहाटे उठणाऱ्याचे म्हणणे शेवटी ऐकले जाते.

पुष्कळांना वाटते की वेळ ही निसर्गाची गोष्ट आहे, तिच्यात वाद कसला? पण वेळ ही माणसांनी ठरवलेली आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ती मोजतात. नागपूर त्या रेषेच्या पश्चिमेला आहे, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या मानाने साधारण साडेतेरा मिनिटे मागे असतो. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि तिथे ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने सगळ्या देशाची घड्याळे एक तास पुढे केली होती. त्या काळात फरक साडेपाचचा नव्हता, साडेसहा तासांचा होता.

याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, १९४२ पासून १९४६ पर्यंत. कामाचे तास कमी करण्याचे विधेयक त्यांनी मांडले आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तास कमी झाले ते कायद्याने. पण तास मोजतो कोण, कोणत्या घड्याळाने मोजतो आणि कोणत्या वहीत लिहितो, हा प्रश्न रोजचा आहे. कायदा आठ तासांचा असला आणि वही तुम्हांला आलेच नाही म्हणत असली तर आठ तास कोणाच्या उपयोगाचे?

वेळ जुळवण्याचे शहाणपण नागपूरला नवीन नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने मध्यरात्री याच सोनेगावच्या विमानतळावर उतरत, एकमेकांच्या थैल्या बदलून घेत आणि पहाटेपर्यंत परत जात. १९७३ पर्यंत हे चालले. चार गावांची विमाने एका रात्री एका धावपट्टीवर जुळवायची तर घड्याळ एकच लागते. आजही जगभरचे वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक आपसांत यूटीसीचीच वेळ बोलतात. प्रवाशाच्या तिकिटावर मात्र त्या त्या गावची वेळ छापलेली असते. आतला हिशेब समाईक वेळेत आणि माणसाला दाखवायचे ते त्याच्या गावच्या वेळेत, हीच रीत डेटाबेसलाही चांगली.

म्हणजे सर्व्हर यूटीसीवर असणे हा दोष नव्हता. वाचताना भारतीय वेळेत फिरवून न घेणे हा दोष होता. आणि फिरवून घेताना “साडेपाच तास मिळवा” असे लिहूनही भागत नाही. डेटाबेसला वेळेच्या क्षेत्राचे नाव सांगावे लागते. आपले नाव “आशिया/कोलकाता” असे आहे. नावामागे त्या क्षेत्राच्या घड्याळात केव्हा केव्हा बदल झाले याची यादी असते. वर सांगितलेला युद्धकाळचा एक तासही तिच्यात आहे. आपल्याकडे आता घड्याळ बदलत नाही, म्हणून आपल्याला याचे महत्त्व वाटत नाही. पण अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे आणतात. मिहानमध्ये अमेरिकेच्या कंपन्यांसाठी रात्रपाळी करणाऱ्या आपल्या मुलांना हे अनुभवाने ठाऊक आहे. तिथे आकडा लिहून ठेवणारा वर्षातून दोनदा चुकतो, नाव लिहिणारा चुकत नाही.

तिसरी कडी पाऊण तासाची. पत्रकाला इतका वेळ का लागत होता? हजेरीच्या तक्त्यात काही लाख ओळी होत्या. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते तशी वेळेच्या रकान्यावर एक सूची केलेली होती. तिला इंडेक्स म्हणतात. सूची असली की पान नेमके उघडते, सगळे पुस्तक चाळावे लागत नाही. पण प्रोग्रॅममध्ये प्रश्न असा लिहिलेला होता: “प्रत्येक नोंदीच्या वेळेतून तारीख काढ, आणि ती १६ जून असेल तर दे.” सूची लावली होती पूर्ण वेळेच्या क्रमाने, आणि प्रश्न होता काढलेल्या तारखेचा. त्यामुळे सूचीचा उपयोगच होईना. यंत्र प्रत्येक ओळ उघडून तिची तारीख काढत बसले. एका दिवसासाठी सगळी वही, असे तीस दिवस. नोंदी थोड्या होत्या तोवर हे लपले, वाढल्यावर उघडे पडले. ही तारीख काढली जात होती सर्व्हरच्या घड्याळाने. म्हणजे पत्रक उशिरा येण्याला आणि मावशीची हजेरी जाण्याला कारण एकच ओळ होती.

ती ओळ बदलली. नवा प्रश्न असा: “१५ जूनच्या यूटीसी साडेअठरापासून १६ जूनच्या साडेअठराच्या आतपर्यंतच्या नोंदी दे.” कारण आपली मध्यरात्र यूटीसीच्या घड्याळात आदल्या संध्याकाळी साडेसहालाच होते. आता सूची उपयोगी पडली, दिवसही आपला झाला आणि पत्रक दोन मिनिटांत येऊ लागले. डेटाबेसला “तू उत्तर कसे शोधणार आहेस ते आधी सांग” असे विचारता येते, त्या आज्ञेला एक्स्प्लेन म्हणतात. ती एकदा विचारली असती तर सगळी वही चाळली जाते आहे हे पहिल्याच दिवशी दिसले असते. मोठे यंत्र घेण्याआधी प्रश्न तपासून पाहावा. शिवाय दिसेल त्या रकान्यावर सूची करत सुटणेही बरे नाही. प्रत्येक नवी ओळ लिहिताना सगळ्या सूच्याही लिहाव्या लागतात, त्याने लिहिणे मंदावते आणि जागाही जाते.

आम्ही गेट-वही आणि पत्रक यांचा ताळमेळ तक्ता करून अर्जासोबत जोडला. त्यात रागाचे एक वाक्य लिहिले नाही. तेराजणींचे कापलेले पैसे पुढच्या पगारात जमा झाले. सुदैवाने मूळ नोंदी पुसलेल्या नव्हत्या, सगळे अंगठे तक्त्यात जिथल्या तिथे होते. फक्त वाचायला चुकत होते. मात्र एकीने मधल्या काळात “रोज येऊनही हजेरी लागत नाही” म्हणून काम सोडले होते. तिला पैसे मिळाले. तिची जागा तोवर भरली होती.

म्हणून आमचे दोन शब्द आहेत, एक कष्टकरी बंधू-भगिनींसाठी आणि एक मुलामुलींसाठी.

कष्ट करणाऱ्यांनी एक लहानशी वही जवळ ठेवावी. आलो किती वाजता, गेलो किती वाजता, रोज लिहावे. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालेल. नोंद जुळली नाही तर “माझी हजेरी कापली” एवढ्यावर थांबू नये. चार गोष्टी विचाराव्यात. मूळ नोंद दाखवा. तिची वेळ कोणत्या घड्याळाची आहे? ती नोंद घडल्याची वेळ आहे की पोहोचल्याची? मधल्या काळात सर्व्हर किंवा मशीन बदलले आहे काय? एकट्याची नोंद चुकली तर योगायोग म्हणतील. दहाजणांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की चुकीची रीत दिसते, आणि रीत दिसली की कोणाला नाकारता येत नाही.

मुलामुलींना आमचे सांगणे असे की, डेटा एंट्री करून थांबू नका. एंट्री करणारा वहीत भर घालतो. वहीला प्रश्न विचारणारा वेगळा असतो आणि त्याचे मोल वेगळे असते. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल ही डेटाबेसची साधने विनामूल्य मिळतात. जुन्यापुराण्या संगणकावरही चालतात. वाचनालयाच्या पुस्तकांचा, बचत गटाच्या हप्त्यांचा तक्ता करून त्यावर हात बसवता येतो. काही बिघडले तर आधी पाहा, मग हात लावा. डिस्क भरली म्हणून दिसेल ते पुसू नका, तुम्हांला नको वाटलेला खर्डाच उद्या वही वाचवणारा असतो. बॅकअप घेतला एवढ्याने निश्चिंत होऊ नका. तो दुसऱ्या जागी ठेवा आणि त्यातून वही पुन्हा उभी राहते की नाही हे एकदा करून पाहा. वेळेचा रकाना करताना क्षेत्र विसरू नका. आणि पत्रक छापून देण्याआधी त्यातला एक माणूस निवडा, गेटवर जा, आणि तो खरोखर किती वाजता आला ते त्यालाच विचारा.

आता नव्या पाळीचे प्रोग्रॅम लिहिताना पहाटे सव्वापाचला येणारी एक बाई तपासणीच्या यादीत पहिली घातली जाते, असे त्या मुलाने आपल्या कंपनीत सुरू केले आहे. दुसरीकडेही ते करता येण्याजोगे आहे.